मालकाने दिलेला पैसा की क्लबवरचे कर्ज? : कंपनीज हाऊसच्या मोफत नोंदवहीविषयी

इंग्लंडमधील फुटबॉल मनापासून पाहणाऱ्या माणसांच्या बैठकीत सामन्याचा विषय संपला की थोड्याच वेळात मालकाचा विषय निघतो. एक जण म्हणतो, या माणसाने स्वतःच्या खिशातले इतके कोटी पौंड क्लबमध्ये घातले, तो नसता तर क्लब केव्हाच बुडाला असता. दुसरा म्हणतो, घातले कसले, क्लबच्या डोक्यावर तेवढेच कर्ज करून ठेवले आहे आणि उद्या त्याने हात वर केले की सगळे संपले. अशा अनेक चर्चांत भाग घेतल्यावर माझ्या ध्यानात आले, की बहुतेक वेळा दोघेही एकाच रकमेबद्दल बोलत असतात. मालकाने क्लबला उसने दिलेले पैसे पहिल्याच्या लेखी गुंतवणूक असतात आणि दुसऱ्याच्या लेखी कर्ज असतात, आणि ताळेबंदात मात्र ते एकाच ओळीत मांडलेले असतात. ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचण्याची सोय ज्या सेवेने मला करून दिली, तिचे हे परीक्षण आहे.

कंपनीज हाऊस ही ब्रिटनमधील कंपन्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था. १८४४ च्या कायद्याने कंपन्यांच्या नोंदणीची व्यवस्था तिथे सुरू झाली. आज तिचे मुख्य कार्यालय वेल्समधील कार्डिफला आहे, आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमधील कंपन्यांची नोंद एडिनबरा व बेलफास्ट येथे होते. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल क्लब कायद्याच्या दृष्टीने बहुतेक साध्या मर्यादित कंपन्या आहेत, त्यामुळे दरवर्षीचे हिशेब, संचालकांची नावे, नवे समभाग आणि तारण ठेवलेली मालमत्ता या सगळ्यांची माहिती त्यांना या संस्थेकडे द्यावीच लागते. पूर्वी एकेक कागद पाहण्यासाठी एक पौंड मोजावा लागत असे. जून २०१५ पासून ही सगळी नोंदवही सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. कागद पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि तुम्ही कोणत्या देशातून पाहता हेही कोणी विचारत नाही. हजारो मैल दूर बसून एखाद्या क्लबवर जीव लावणाऱ्या माणसाला त्या क्लबचा ताळेबंद तिथल्या हंगामी तिकीटधारकाइतकाच सहज वाचता यावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सेवेची मांडणी साधी आहे. शोधाच्या चौकटीत कंपनीचे नाव टाकले की तिचे पान उघडते. त्यावर नोंदणीचा पत्ता, पुढचे हिशेब कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आहेत ती तारीख, आणि वेगवेगळ्या भागांत दाखल झालेले कागद, पदाधिकारी व तारणांची यादी असते. हिशेब देण्यास उशीर झाला असेल तर तसे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेले दिसते. ज्या व्यक्तीकडे वा कंपनीकडे २५ टक्क्यांहून जास्त समभाग आहेत, तिचे नावही २०१६ पासून नोंदवावे लागते. दाखल कागदांची यादी तारखेनुसार उलट क्रमाने लावलेली असते आणि तिच्यातून केवळ हिशेबांचे किंवा केवळ भागभांडवलाचे (समभागांच्या बदल्यात आलेल्या, परत न करायच्या पैशाचे) कागद वेगळे काढता येतात.

अडचण सुरू होते ती नावापासून. आपण ज्याला क्लब म्हणतो तो पुष्कळदा एकामागोमाग एक लावलेल्या चार-पाच कंपन्यांपैकी सर्वांत खालची कंपनी असतो. तिच्यावर तिचे समभाग हाती असलेली एक धारक कंपनी, तिच्यावर आणखी एक, आणि शेवटी मालकाची स्वतःची कंपनी, अशी उतरंड असते. कोणत्या पायरीचे हिशेब उघडले यावर उत्तर संपूर्ण बदलते. चेल्सीचे उदाहरण यासाठी मला सर्वांत बोलके वाटते. २००३ साली रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच यांनी क्लब घेतला आणि त्यानंतर सतत पैसा पुरवला. २००९ च्या डिसेंबरअखेर क्लबने जाहीर केले, की मालकाचे सुमारे ३४ कोटी पौंडांचे कर्ज भागभांडवलात बदलले असून क्लब आता जवळजवळ कर्जमुक्त आहे. क्लबच्या कंपनीपुरते ते खरे होते. पण एक पायरी वर चढून फोर्डस्टॅम लिमिटेड या मूळ कंपनीचे हिशेब उघडले, तर तिथे मालकाचे कर्ज तसेच उभे होते आणि पुढची बारा वर्षे ते वाढत गेले. मार्च २०२२ मध्ये अब्रामोविच यांच्यावर ब्रिटिश सरकारने निर्बंध लादले, तेव्हा ते सुमारे १५० कोटी पौंडांवर पोहोचले होते. ही रक्कम परत मागणार नाही असे त्यांनी निर्बंधांच्या काही दिवस आधी जाहीर केले होते. मे २०२२ मध्ये अमेरिकी गुंतवणूकदार टॉड बोली आणि क्लिअरलेक ही गुंतवणूक कंपनी यांच्या गटाने २५० कोटी पौंडांना क्लब विकत घेतला. बारा वर्षे ज्याला कर्ज म्हणायचे की देणगी यावर वाद चालला, त्याचे उत्तर फुटबॉलशी संबंध नसलेल्या रशिया-युक्रेन युद्धाने दिले. सामान्य परिस्थितीत त्याच मालकाने ती रक्कम परत मागितली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या बारा वर्षांत कोणीही नोंदवही उघडून विचारू शकत होते. 'कर्जमुक्त' हा शब्द ऐकला की मी तेव्हापासून पहिला प्रश्न एवढाच विचारतो : कोणत्या पायरीवर?

विक्रीची ही रक्कम आणखी एका गैरसमजाकडे नेते. क्लब विकत घेताना मोजलेली किंमत ही क्लबमधील गुंतवणूक नसते. ती जुन्या मालकाकडे जाते, क्लबच्या तिजोरीत तिच्यातला एक पैसाही येत नाही. चर्चेत मात्र 'त्यांनी अडीचशे कोटी घातले' असे वाक्य सर्रास ऐकू येते. ब्रिटिश उद्योजक सर जिम रॅटक्लिफ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा चौथ्या हिश्शाहून थोडा मोठा वाटा घेतला, तेव्हा त्या व्यवहारातला फार मोठा भाग समभाग विकणाऱ्यांकडे गेला. क्लबसाठी म्हणून आलेला नवा पैसा ३० कोटी डॉलर होता, त्यातले २० कोटी लगेच आणि उरलेले १० कोटी त्या वर्षअखेरपर्यंत. हे दोन प्रवाह वेगळे ओळखले नाहीत तर सगळी चर्चाच फोल ठरते.

नोंदवहीत हा नवा पैसा ओळखायची एक सोपी खूण आहे, आणि या सेवेचा माझ्या मते हा सर्वांत मौल्यवान भाग आहे. कंपनीने नवे समभाग दिले की 'एसएच०१' नावाचा अर्ज महिन्याभरात दाखल करावा लागतो. त्यात किती समभाग दिले, कोणत्या तारखेला दिले आणि त्यांच्याबदल्यात किती पैसे आले हे लिहिलेले असते. म्हणजे मालकाने परतफेडीची अट न घालता पैसे घातले असतील, तर त्याची नोंद वार्षिक हिशेबांची वाट न पाहता दिसते. दुसरी खूण तारणांच्या भागात असते. कोणी कर्ज देऊन क्लबचे स्टेडियम, प्रक्षेपणाचे उत्पन्न किंवा इतर मालमत्ता तारण घेतली असेल तर 'एमआर०१' हा अर्ज दाखल होतो आणि कर्ज देणाऱ्याचे नाव सगळ्यांसमोर येते. एव्हर्टनमध्ये मालक फरहाद मोशिरी यांच्या काळात राइट्स अँड मीडिया फंडिंग या कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव समर्थकांना परिचयाचे झाले ते अशाच तारणांच्या नोंदींमुळे. मालक स्वतःचा पैसा घालतो आहे की क्लबचे उद्याचे उत्पन्न गहाण टाकून आजचा खर्च भागवतो आहे, हे या दोन प्रकारच्या कागदांची संख्या शेजारी शेजारी ठेवून पाहिले तरी पुष्कळसे कळते.

आता ज्या क्लबमुळे मी या नोंदवहीकडे वळलो त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी वाचकाला त्यात वेगळे स्वारस्य असेल. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला आणि १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगमधील बारा संस्थापक क्लबांपैकी एक. गावचाच पोलाद उद्योजक जॅक वॉकर याने १९९१ पासून त्यात अफाट पैसा घातला आणि १९९५ साली क्लबने प्रीमियर लीग ही इंग्लंडमधील सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा जिंकली. त्याच्या मृत्यूनंतर क्लब त्याच्या विश्वस्त निधीकडे राहिला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने तो सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. पुढची गोष्ट समर्थकांना तोंडपाठ आहे. महिन्याभरात प्रशिक्षक सॅम ॲलरडाईस यांना काढण्यात आले, २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, २०१७ मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि २०१८ मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला. मालकांविरुद्ध इतकी दीर्घकाळ चाललेली नाराजी इंग्लंडमध्ये मोजक्याच क्लबांनी पाहिली असेल.

एवढे ऐकून मी मनात एक चित्र रंगवले होते, की मालकांनी क्लब वाऱ्यावर सोडला असणार. नोंदवही उघडल्यावर ते चित्र जसेच्या तसे टिकले नाही. क्लबची कंपनी, तिच्यावरची वेंकीज लंडन लिमिटेड आणि तिच्यावरचा पुण्यातील मूळ उद्योग अशी उतरंड तिथे नीट दिसते. वर्षामागून वर्षे क्लबचा तोटा मालकांच्या पैशाने भरून निघत आला आहे, आणि क्लब पुढे चालू राहील हे लेखापरीक्षकांनी मान्य केले आहे ते मूळ कंपनीच्या पाठिंब्याच्या भरवशावर, असे टिपांमध्ये लिहिलेले आढळते. आमच्या चर्चेत एकाने मूळ कंपनीकडून आलेली रक्कम गुंतवणूक म्हणून मांडली होती आणि दुसऱ्याने तीच कर्ज म्हणून. आम्ही तो कागद एकत्र बसून वाचला. दोघांचा आकडा बरोबर निघाला, आणि दोघांनाही त्या आकड्याखालची टीप वाचायची राहून गेली होती. व्याज आहे की नाही, परतफेडीची तारीख ठरली आहे की नाही, ही रक्कम क्लबकडून येणे असलेल्या इतरांच्या आधी परत मागता येते की नंतर, हे सगळे अशा टिपेत असते. ताळेबंदावरचा मोठा आकडा वाचून जे भांडतात त्यांना मी आता आधी टीप वाचायला सांगतो.

पण याच क्लबने मला नोंदवहीच्या मर्यादाही शिकवल्या. मालकांचा पैसा भारतातून जातो, आणि २०२३ पासून तो पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घेण्याची वेळ आली. क्लबशी थेट संबंध नसलेल्या, भारतातल्या एका चौकशीचा परिणाम लँकेशायरमधल्या संघाच्या खेळाडू खरेदीवर होऊ शकतो, हे कार्डिफच्या कोणत्याही अर्जात आधी दिसले नसते. मालकाचा पैसा कर्ज आहे की भागभांडवल, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो पैसा उद्या येईल का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या ताळेबंदात नसते. त्याचप्रमाणे २०१० नंतर फुटबॉलविषयीचे निर्णय कोणाच्या सल्ल्याने झाले, समर्थकांशी संवाद का तुटला, हेही आकड्यांतून कळत नाही. पैसा घातला हे खरे आणि क्लब नीट चालवला नाही ही समर्थकांची तक्रारही खरी, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. माझ्या मते ब्लॅकबर्नबाबत तसेच आहे, आणि पैशाचा आकडा पुढे करून त्या समर्थकांचे तोंड बंद करणे मला योग्य वाटत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण ब्रायटनचे. मालक टोनी ब्लूम यांनी क्लबला दिलेली बिनव्याजी कर्जे एकेकाळी ४० कोटी पौंडांच्या घरात होती. ताळेबंद पाहिला तर एवढ्या मध्यम आकाराच्या क्लबवर एवढे कर्ज पाहून कोणीही दचकेल. पण त्या पैशातून स्टेडियम आणि सराव केंद्र उभे राहिले, मालक लहानपणापासूनचा समर्थक आहे, आणि खेळाडू विकून येणाऱ्या पैशाने क्लब स्वतःच्या पायावर उभा राहू लागला आहे. नोंदवही दोन्ही क्लबांच्या कर्जांना एकाच शब्दाने ओळखते. तिने तसे करणे बरोबरच आहे, कारण भरवसा मोजण्याचे काम तिचे नाही.

मँचेस्टर युनायटेडच्या बाबतीत ही सेवा फारशी उपयोगी पडत नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, आणि त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग तोवर कर्ज नसलेल्या क्लबवरच टाकला. मालकाची गुंतवणूक आणि क्लबचे कर्ज यांतला गोंधळ इथे उरतच नाही, कारण हे कर्ज क्लबमध्ये काही घालण्यासाठी नव्हते, क्लब विकत घेण्यासाठी होते, आणि त्याचे व्याज तिकीट काढणाऱ्यांच्या पैशातून गेले. त्याच वर्षी काही समर्थकांनी बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, त्यामागची वेदना मला पूर्णपणे समजते. कंपनीज हाऊसमध्ये रेड फुटबॉल लिमिटेडसारख्या मधल्या कंपन्यांचे कागद मिळतात. पण ऑगस्ट २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरलेली वरची कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आहे, त्यामुळे संपूर्ण समूहाचे चित्र पाहायचे तर अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे दाखल होणारी कागदपत्रे उघडावी लागतात. तीही मोफत आहेत आणि खरे तर अधिक सविस्तर आहेत. इतर क्लबांच्या बाबतीत मात्र उतरंड परदेशातल्या एखाद्या गुप्तता पाळणाऱ्या ठिकाणी शिरली की वाट तिथेच संपते.

या सेवेचा ज्यांना खरा लाभ घ्यायचा आहे त्यांनी हिशेबांच्या शेवटच्या पानांवर येणारी संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप कधीही चुकवू नये. मालकाच्या एका हाताने दुसऱ्या हाताला काय विकले हे तिथे कळते. डर्बी काउंटीचे तत्कालीन मालक मेल मॉरिस यांनी २०१८ मध्ये प्राइड पार्क हे क्लबचे मैदान स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटी ११ लाख पौंडांना विकले, आणि क्लबच्या हिशेबात नफा दिसला. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेमल्या जाणाऱ्या प्रशासकांच्या हाती गेला, त्या हंगामात एकूण २१ गुण कापले गेले आणि क्लब तिसऱ्या श्रेणीत उतरला. चेल्सीने स्टॅमफर्ड ब्रिजजवळची दोन हॉटेले ७ कोटी ६५ लाख पौंडांना आपल्याच समूहातील कंपनीला विकल्याचे २०२२-२३ च्या हिशेबांतून समोर आले. दोन्ही व्यवहार त्या त्या वेळच्या लीगच्या नियमांत बसत होते. तरीही 'यंदा क्लब नफ्यात आला' अशी आनंदाची बातमी वाचताना तो नफा कुठून आला हे विचारण्याचा अधिकार समर्थकाला आहे, आणि या नोंदवहीने तो प्रत्यक्षात आणून दिला आहे.

मालकाचा पैसा कोणत्या रूपात आला याला मैदानावरही किंमत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रीमियर लीगने २०१३ मध्ये आणलेल्या आणि २०२५-२६ च्या हंगामापर्यंत लागू असलेल्या नियमांची सर्वांत परिचित मर्यादा म्हणजे तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा. पण ती पूर्ण मर्यादा मिळण्यासाठी त्यातील ९ कोटी पौंडांपर्यंतचा भाग मालकाने परत न मागता येणाऱ्या पैशाने भरून काढावा लागत असे, नाहीतर मुभा केवळ दीड कोटी पौंडांची उरत असे. मालक कर्जाचे भागभांडवल का करतात, याचे एक व्यवहारी कारण इथे आहे. एव्हर्टनने ही मर्यादा १ कोटी ९५ लाख पौंडांनी ओलांडल्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला आणि १० गुण कापले गेले. अपिलानंतर ते ६ झाले. नव्या स्टेडियमच्या कामाशी जोडलेल्या कर्जांचे व्याज तोट्यातून वगळावे की नाही, हा त्या प्रकरणातला एक कळीचा वाद होता, म्हणजे कर्ज कुठून आणि कशासाठी घेतले ही टीप शेवटी गुणतालिकेपर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या लीगविरुद्धच्या दाव्यावरील लवादाचा निर्णय आला आणि मालकाशी संबंधित व्यवहार बाजारभावाने झाले का, या तपासणीतून मालकांची बिनव्याजी कर्जे वगळणे चुकीचे ठरले. पुढच्याच महिन्यात क्लबांनी १६ विरुद्ध ४ मतांनी नियम बदलले. बिनव्याजी कर्ज ही एक प्रकारची मदतच आहे, हे समर्थक कित्येक वर्षे म्हणत होते, ते असे नियमात आले.

सेवेतील उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव उशिराची आहे, आणि तिचा दोष कायद्याकडे जातो. खासगी कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यावर हिशेब देण्यासाठी नऊ महिने मिळतात. जूनअखेर वर्ष संपवणारा क्लब पुढच्या मार्चअखेर हिशेब देतो, तोवर दुसरा हंगामही शेवटाकडे आलेला असतो. उशीर केल्यास होणारा दंड सहसा १५० ते १,५०० पौंडांचा असतो, आणि आठवड्याला लाखभर पौंड पगार देणाऱ्या क्लबला तो जाणवणारही नाही. या दंडाची रक्कम उलाढालीशी जोडली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

दुसरी उणीव कागदांच्या रूपाची. मोठ्या क्लबांचे हिशेब पुष्कळदा छापील पानांची प्रतिमा असलेल्या पीडीएफच्या रूपात असतात, त्यामुळे त्यांत शब्द शोधता येत नाही आणि साठ-सत्तर पाने डोळ्यांनीच चाळावी लागतात. तिसरी अशी, की कंपन्यांची उतरंड ही सेवा रेखाटून देत नाही. प्रत्येक कंपनीच्या पानावर तिच्या नियंत्रकाचे नाव असते, ते कागदावर लिहून घेऊन पुढच्या कंपनीचे पान उघडायचे, असे आपणच वर चढत जावे लागते. एवढ्या माहितीच्या साठ्यावर हे चित्र आपोआप काढून देणे अवघड नसावे. चौथी गोष्ट अधिक गंभीर आहे. दाखल झालेली माहिती अचूक आहे की नाही याची हमी संस्था देत नाही. अनेक दशके तिची भूमिका आलेला कागद जपून ठेवण्यापुरतीच होती. २०२३ च्या कायद्यानंतर, मार्च २०२४ पासून, माहितीवर शंका घेण्याचे आणि ती फेटाळण्याचे अधिकार तिला मिळाले. मोठ्या क्लबांचे हिशेब लेखापरीक्षकांनी तपासलेले असल्यामुळे त्यांच्याबाबत मी निर्धास्त असतो, पण खालच्या श्रेणीत अचानक उगवलेल्या नव्या खरेदीदाराची कंपनी पाहताना मी केवळ नोंद आहे म्हणून विश्वास ठेवत नाही. तिथे कंपनी किती दिवसांपूर्वी स्थापन झाली, तिने याआधी कधी हिशेब दिले का, आणि तिच्या संचालकांच्या आधीच्या कंपन्यांचे काय झाले, हे तिन्ही त्याच नोंदवहीत पाहता येते आणि ते पाहणे फार गरजेचे आहे.

वाचणाऱ्याकडून होणारी एक चूकही इथे नोंदवतो, कारण ती मी स्वतः केली आहे. ताळेबंदातील बँकेचे आणि मालकाचे कर्ज तेवढे मोजून मी क्लबची स्थिती ठरवत असे. खेळाडू हप्त्यांनी विकत घेतले जातात आणि इतर क्लबांना द्यायचे राहिलेले हप्ते देण्यांच्या वेगळ्या ओळीत असतात, हे मला उशिरा कळले. उलट बाजूने, स्टेडियमसाठी घेतलेले दीर्घ मुदतीचे कर्ज आणि पगार भागवण्यासाठी घेतलेले कर्ज यांना एकाच मापाने मोजणेही चूक. टॉटनमने २०१९ मध्ये उघडलेल्या मैदानासाठी घेतलेल्या प्रचंड कर्जाच्या पाठीशी दर आठवड्याला उत्पन्न देणारी वास्तू उभी आहे. २००८ मध्ये एफए कप जिंकणाऱ्या पोर्ट्समथच्या खर्चाच्या पाठीशी असे काहीच नव्हते, आणि २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये असताना प्रशासकांच्या हाती जाणारा तो पहिला क्लब ठरला. २०१३ मध्ये समर्थकांच्या न्यासाने पदरचे पैसे घालून तो क्लब वाचवला.

जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने पुरुषांच्या पहिल्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामक आणला आहे. मालकाकडे पैसा कुठून येतो आणि क्लबची आर्थिक योजना काय आहे, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. पण त्याच्यापुढे येणारी सगळी माहिती आपल्याला दिसणार नाही. त्यामुळे समर्थकाने स्वतः वाचण्याचे साधन म्हणून कार्डिफची नोंदवही मला यापुढेही तितकीच महत्त्वाची वाटते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी शेवटची सूचना : विनामूल्य खाते उघडले की एखाद्या कंपनीचा मागोवा ठेवता येतो आणि तिचा नवा कागद दाखल होताच ईमेल येते. मागोवा केवळ क्लबच्या कंपनीचा ठेवू नका, तिच्या वरच्या प्रत्येक कंपनीचा ठेवा, आणि नव्या हिशेबांची ईमेल आली की पहिले पान न वाचता थेट मागच्या टिपांकडे जा. समभागांचा अर्ज आला असेल तर रकमेची तारीख लिहून ठेवा, तारणाचा आला असेल तर कर्ज देणाऱ्याचे नाव. तीन हंगामांची अशी एका पानाची नोंद हाती असली, की मालकाने घातले किती आणि क्लबवर चढले किती, हे कोणाशीही आवाज न चढवता बोलता येते.